बेटावरचा बाजार आणि माझा शांत स्वभाव

८ जुलै, विटा

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितले आहे, राग आला की लिहून काढा. मला राग येत नाही. तरी लिहितो, फी भरली आहे म्हणून.

पल्लवी आज वडूजहून आली. पाडव्यापासून माहेरी होती. कारण अगदी किरकोळ. वांग्यात मीठ जास्त झाले होते आणि कढई भिंतीला लागली. तिला लागली नाही. नेम चुकला, असे तिचा भाऊ धनाजी सगळीकडे सांगत फिरतो. मी मनात आणले असते तर नेम चुकला नसता, एवढे तरी त्याने समजून घ्यायला हवे.

ती परत आली आहे ती फक्त ट्रिपपुरती. अट घातली आहे, तीही स्वतः न सांगता धनाजीच्या तोंडून. धनाजी दारातच उभा राहून म्हणाला, दाजी, आक्का म्हणती, ट्रिपभर बाजार तुमी आणायचा, सैपाक तुमी करायचा. आन हात उगारायचा न्हाई. मान्सावर न्हाई, वस्तूवरबी न्हाई. जमलं तर परतताना ती विट्याला उतरंल, न्हाई तर तशीच म्होरं वडूजला.

पंच म्हणून धनाजी स्वतः बरोबर येतोय. सोळा वर्षे फौजेत काढून हवालदार होऊन आला आहे, त्यामुळे आपल्याला सगळा न्याय कळतो असे त्याला वाटते.

अट सोपी आहे. मी मुळातच बर्फ आहे.

ग्रीस मीच निवडला. आमच्या गलाईवाल्या, सोने-चांदी गाळणाऱ्या मंडळींत जो तो दुबई नाही तर बँकॉक करून येतो. ग्रीस म्हणजे कुस्तीचा देश. ऐन उमेदीत मी खानापूर तालुक्यात जे नाव केले आहे ते तिथल्या माणसांना बघताक्षणी कळेल. (धनाजी म्हणतो, दाजींची सगळ्यात मोठी कुस्ती नारळावरची हुती. बक्षीस नारळच होता हे खरे, पण मोठा होता.) बुकिंग सगळे समीक्षाने केले. पोरगी पुण्यात कंपनीत आहे, हुशार आहे, माझ्यावर गेली आहे.

११ जुलै, नाक्सोस बेट

पोचलो. विमान, विमान, मग बोट. बोटीत एका गोऱ्याची बॅग माझ्या गुडघ्याला लागली. मी ती बाजूला ठेवली. जरा लांब पडली. तिच्यातून काहीतरी फुटल्याचा आवाज आला, पण ते आधीपासूनच फुटलेले असणार.

धनाजी म्हणाला, ही वस्तू झाली. मी म्हणालो, प्रवासाचा दिवस धरायचा नसतो. बराच वाद झाला. शेवटी त्याने मानले, कारण मी त्याची कॉलर सोडत नव्हतो.

दोन खोल्या, किचन, पुढे गच्चीवजा अंगण. सगळे पांढरे. उतारावर खाली सुपरमार्केट. मालक गल्ल्याजवळच उभा असतो, नाव स्टाव्रोस. साठीचा असेल. बैलासारखी मान. आणि डावा कान मोडलेला, पार गोळा झालेला. मी दारातच थबकलो. मोडलेला कान म्हणजे तालीम. आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल, ज्याचा कान मोडला तो मातीतला माणूस. मी त्याला माझा उजवा कान दाखवला. माझा तितकासा मोडलेला नाही, पण निरखून पाहिले तर कळतो. तो हसला. पैलवानाला पैलवान कळतो, जगात कुठेही जा.

१२ जुलै

पहिला बाजार. यश.

ट्रॉल्या एकीला एक साखळीने बांधून ठेवल्या होत्या. लोकांचा विश्वास नसला की असे होते. मी एक ओढली. येईना. पाय लावून ओढली. आली, साखळीसकट. मागून एक बाई आली, तिने फटीत नाणे घातले आणि ट्रॉली अलगद काढून नेली. आधी सांगायला काय झाले होते?

धनाजी म्हणाला, वस्तू. मी म्हणालो, मी ती मारली का? ओढली. ओढणे आणि मारणे यात फरक आहे, फौजेत शिकवत नाहीत काय?

वांगी बोटाने दाबून घेतली. भेंडीचे शेंडे मोडून बघितले, कोवळी होती. त्यावर एक पोरगी माझ्याकडे बघून ओरडली. इथे भेंडी न मोडता घेतात. मग यांना जून भेंडी खाऊ द्या.

भाजी आपणच वजन करून आपणच चिठ्ठी चिकटवायची. मशीन चिठ्ठी देईना. मी एक थाप मारली, घरी टीव्हीला मारतो तशी. चिठ्ठ्या येऊ लागल्या त्या थांबेनात, मग काच काळी झाली. स्टाव्रोस आला, मशीनकडे बघितले, माझ्याकडे बघितले, हाताने वजन करून दिले. माणूस मोठा.

वांग्याची भाजी केली. आईने दिलेली कांदा-लसूण चटणी घातली. पल्लवीने खाल्ली. खाली बघून, पण खाल्ली. समीक्षा म्हणाली, पप्पा, छान झालीय. ती आधी माझ्या तोंडाकडे बघते आणि मग बोलते. वडिलांचा मान ठेवते.

१३ जुलै, रविवार

आजचा दिवस सगळ्या ट्रिपमधला उत्तम.

सकाळी मासे बघायला बंदरावर गेलो. एक कोळी ऑक्टोपस दगडावर आपटत होता. धरायचा, डोक्यावरून फिरवायचा, फाट. परत फाट. समीक्षाने मोबाइलवर बघून सांगितले की मारल्याशिवाय तो मऊ होत नाही, चामड्यासारखा राहतो. म्हणजे इथेसुद्धा हेच आहे. मी आयुष्यभर जे सांगत आलो ते या लोकांना हजार वर्षांपासून माहीत आहे.

मी त्या कोळ्याकडून तो मागून घेतला. पहिल्या दहा फटक्यांत खांदा मोकळा झाला. पुढच्या दहात सगळे शरीर. पाडव्यापासूनचा गॅस, ॲसिडिटी, सगळे निघून गेले. लोक जमले, व्हिडिओ काढू लागले. कोळी मधेच काहीतरी सांगत होता, बहुतेक कौतुक. मग त्याने माझे मनगट धरले. मी ते सोडवून घेतले. एक पाय तुटून कुत्र्यासमोर पडला तेव्हा थांबलो. शर्टभर त्याची काळी शाई उडाली होती.

पल्लवी सावलीत पावाची पिशवी घेऊन उभी होती. मी ओरडून म्हणालो, बघितलंस का, असं मऊ होतंय. ती बघतच होती. अगदी पहिल्या फटक्यापासून बघत होती. मग तिने समीक्षाचा हात धरला आणि दोघी चढ चढून निघून गेल्या. मला वाटते तिला अभिमान वाटला आणि तो तिला लपवता येईना.

शिजवल्यावर त्याची पेज झाली. जास्त मऊ झाला बहुतेक. धनाजीने एकट्याने खाल्ला. खाताना म्हणाला, दाजी, मऊ कराय मारत्यात हे खरं हाय. पर मेल्यावर.

धनाजी कधी कधी काहीही बोलतो.

१४ जुलै, सोमवार

संकष्टी. पल्लवीचा उपवास. साबुदाणा या बेटावर नाही. शेंगदाणे आहेत, पण खारवलेले. बटाटे मात्र एक नंबर, खटावचा शेतकरी बघेल तर डोळे फिरतील असे. घेतले.

गल्ल्याच्या रांगेत एका उंच टुरिस्टाने मागून ट्रॉली माझ्या टाचेवर घातली. सॉरी म्हणाला. मी शांत. पुन्हा घातली. मी दोन्ही हात मागे बांधले. समीक्षा साक्षीला आहे, दोन्ही हात मागे होते. फक्त वळलो आणि पोट पुढे केले. तो चिप्सच्या रॅकमध्ये बसला. रॅक त्याच्यावर बसले. त्याची बायको किंचाळू लागली, त्याच्या भुवईतून थोडे रक्त आले. थोडेच. दाढी करताना एवढे येते.

धनाजीने बाहेर आल्यावर मला अटेन्शनमध्ये उभे केले आणि फौजी हिंदीत लास्ट वॉर्निंग दिली. मी त्याला बाजूच्या हॉटेलात नेले. बडीशेपेच्या वासाची इथली दारू आहे, पाणी घातले की दुधासारखी होते. तिसऱ्या ग्लासाला तो म्हणाला, पोट म्हंजी हात न्हवं, हे खरं. न्यायी माणूस.

उपवास सोडायला बटाट्याची भाजी केली. पल्लवी चंद्र बघायला अंगणात गेली ती बराच वेळ आली नाही. समीक्षाही तिकडेच. मी एकट्याने भांडी घासली. एक ताट वाकले.

१५ जुलै

शांत. बर्फ.

फक्त कपाटाचे दार. ते आधीच सैल होते.

१६ जुलै, दुपार

जे घडले ते नीट लिहून ठेवतो, नंतर उलटसुलट बोलले जाईल.

आखाड चालू आहे. आखाडात मटण नाही म्हणजे आमच्याकडे घरात कोणी आजारी आहे असे समजतात. ठरवले की शेवटच्या दोन दिवसांत तांबडा रस्सा करायचा, पल्लवीला पुढ्यात बसवून वाढायचा आणि विषय संपवायचा. सुपरमार्केटमध्ये मागच्या बाजूला मटणाचे काउंटर आहे, बोकड मिळतो. सुरा चालवणाऱ्याला मी खुणेने सांगत होतो की मुंडी पाहिजे, वजडी पाहिजे, नुसते मांस नको. त्याला कळेना. मी स्वतःच्या डोक्यावर आणि पोटावर हात मारून दाखवत होतो. लोक हसत होते. मी हसू दिले. मुद्दाम लिहून ठेवतो, हसू दिले.

तेवढ्यात मागून माझ्या मानेवर हात पडला. पूर्ण पंजा, आणि मान जोरात पुढे ओढली गेली.

आता ज्याने आयुष्यात एकदा तरी लाल माती अंगाला लावली आहे त्याला विचारा. मानेवर पंजा आला की खडाखडी सुरू, म्हणजे कुस्ती सुरू. तिथे विचार करायचा नसतो, विचार करणारा चितपट होतो. माझ्या अंगाने जे करायचे ते केले. ढाक डाव. त्याचा हात माझ्या बगलेत, माझी कंबर त्याच्या खाली आणि तो वरून. कलिंगडांवर पडला. कलिंगडे फुटली, फरशी लाल झाली, आणि मला क्षणभर खरोखर हलगी ऐकू आली. मी शड्डू ठोकला.

स्टाव्रोस होता.

उठत नव्हता. खांदा विचित्र दिसत होता, पुढे आलेला. लाल सगळे कलिंगडाचे नव्हते, कानामागे फुटले होते. गल्ल्यावरची बाई, ती त्याची मुलगी, काउंटरवरून उडी मारून आली आणि माझ्या तोंडावर नखे ओढली. मी तिला काही केले नाही. फक्त ढकलले.

पोलीस. मग दवाखान्याची गाडी. समीक्षा मोबाइलवर भाषांतर करत मध्ये उभी. त्यातून जे कळले ते असे. स्टाव्रोस म्हणत होता, मित्रा, मुंडी माझ्याकडून तुला फुकट. इथे आवडत्या माणसाला असे मानेला धरून जवळ ओढतात.

आणि कान? मी समीक्षाला मुद्दाम विचारायला लावले. लहानपणी गाढव चावले होते.

पैलवान नसताना तसा कान घेऊन फिरणे ही फसवणूक आहे, पण हे पोलिसांना सांगायला समीक्षाने नकार दिला.

तक्रार झाली नाही. कशी झाली नाही ते सांगतो. पल्लवी बाहेर पिशव्या धरून उभी होती. ती आत आली, फुटलेल्या कलिंगडातून चालत गेली, स्टाव्रोसच्या स्ट्रेचरपाशी वाकली आणि हात जोडले. मराठीत म्हणाली, दादा, चुकी झाली, पदरात घ्या. त्याला एक अक्षर कळले नसेल. त्याने चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला, पोलिसांना म्हणाला की पाय घसरला. फक्त मी पुन्हा दुकानात यायचे नाही.

माफी मागण्यात पल्लवीचा हात कोणी धरणार नाही. शेजारी, वॉचमन, माझे दोन पार्टनर, सगळ्यांपाशी तिनेच जमवून दिले आहे. संसाराला असे माणूस लागते.

संध्याकाळ

धनाजीने निकाल दिला, आऊट. मी म्हणालो, हात उगारला नाही, कंबर लागली. तो म्हणाला, दाजी, गप बसा आता.

समीक्षा मात्र आईजवळ बसून म्हणाली, मम्मी, उद्याचा एक दिवस बघ. एकच. पप्पा प्रयत्न करतायत. पल्लवीने चपलेला चिकटलेले कलिंगड पुसले. मग म्हणाली, बरं. उद्याचा दिवस.

म्हणजे सगळे उद्यावर. चांगलेच आहे. निकाली कुस्त्या अशाच शेवटच्या मिनिटाला होतात.

१७ जुलै

जिंकलो.

सविस्तर लिहितो. सकाळी उठून अंगणात बसलो, समुद्र बघितला, काही केले नाही. मला दुकानबंदी असल्याने धनाजी बाजाराला गेला. तो मटण घेऊन आला आणि वर मुंडीही, कागदात बांधलेली. स्टाव्रोसने पाठवली होती. धनाजीने ती माझ्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली.

कांदे चिरले. सुरा फक्त कांद्यावर चालवला. मुंडी फोडायला धनाजीला दिली, धोका नको. गॅस पेटायला तीनदा त्रास दिला, मी तीनदा शांत. पातेल्याचे झाकण भाजले, शिवीसुद्धा दिली नाही. खालच्या मजल्यावरचे पोर चेंडू आपटत होते, आपटू दिला. रश्शाला तवंग आला तो असा, की वाऱ्याबरोबर वास बंदरापर्यंत गेला असेल.

अंगणात ताटे मांडली. मी वाढले. पल्लवीने पहिला घास घेतला, थांबली आणि म्हणाली, मीठ बरोबर हाय.

चार महिन्यांत माझ्याशी बोललेले पहिले वाक्य. मी ग्लासभर पाणी एका दमात प्यालो, रस्सा तिखट होता. समीक्षा हसली. धनाजीने दोन वाट्या ओरपल्या. पल्लवीने समीक्षाला म्हटले, पप्पांना भाकरी न्हाई, पाव तर वाढ. पप्पांना. मी मनातल्या मनात विट्याचे घर झाडून घेतले.

एक किरकोळ गोष्ट झाली. समीक्षाच्या ताटाच्या कडेला माशी बसली. मी ती मारायला हात वर केला. पल्लवीचा ग्लास पडला. समीक्षाही खाली वाकली, कोपर डोक्यावर. दोघी एकदमच. दोघींना माशीची एवढी भीती वाटते हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हते. माशी उडून गेली. मी मोठ्याने हसलो, अरे, माशी होती. दोघी सरळ बसल्या. पल्लवी समीक्षाकडे बघत राहिली, जेवण संपेपर्यंत बघत राहिली. पुढे कोणी काही बोलले नाही, मटण चांगले झाले की असेच होते.

एकंदर, दिवसभरात कोणालाही, कशालाही मार नाही. धनाजीने स्वतः कबूल केले, आजचा दिवस साफ. विट्याला शेजारच्या भाऊसोला फोन लावला, म्हणालो, घर उघड, पाणी भरून ठेव, एक हार आण. चांगला, झेंडूचा नको, गुलाबाचा.

१९ जुलै, विटा

मुंबईला विमानतळाबाहेर दोन गाड्या उभ्या होत्या. एक मी बोलावलेली. दुसरी वडूजची. पल्लवीची बॅग त्या गाडीत चढली.

मी धनाजीला धरले. खांद्याला धरले, सौम्यपणे. म्हणालो, तूच साफ म्हणालास. तो म्हणाला, व्हय दाजी, म्हनलो. तुमी कुणाला मारलं न्हाई. आक्कालाच इचारा.

पल्लवी गाडीच्या दारात उभी राहिली. पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून बोलली. म्हणाली, आवं, मी वाकते ती सवयीनं. माझं मला ठावं हाय, त्याचं मला काय वाटत न्हाई. पर त्या दिशी पोरगीबी वाकली. ती कवापसनं वाकती, मला ठावंच न्हवतं.

मी म्हणालो, माशी होती.

ती म्हणाली, व्हय. माशीच हुती.

समीक्षाही त्याच गाडीत बसली. पुण्याला सोडतील म्हणाली. काच वर होती. मी काचेवर टकटक करायला हात नेला आणि ती सीटवर आत सरकली. मग तिने काच खाली करून म्हटले, पप्पा, गोळ्या घ्या वेळेवर. गाडी गेली.

हा सरळ अन्याय आहे. नियमात मी पास होतो. नियम त्यांनी केले होते. माशीचा नियम कुठेही नव्हता.

घरी पोचलो. भाऊसो हार घेऊन दारात उभा, माझ्यामागे बघत. मी म्हणालो, मागच्या गाडीने येतायत. तो थोडा वेळ थांबला, मग गेला. हार फ्रिजवर ठेवला आहे.

दिवे लागल्यावर बेडरूमच्या आरशासमोर उभा राहिलो. एवढे वाकण्यासारखे काय आहे ते एकदा बघावे म्हटले. माशीला करतो तसाच, तेवढाच हात वर केला. साधा दिसतो. पुन्हा केला, जरा लवकर. तिसऱ्यांदा केला तेव्हा माझेच डोळे मिटले.

ट्यूबलाइट डोळ्यांवर येते. उद्या बदलून घेतली पाहिजे.